फ्लॅट बायकोच्या नावावर केला म्हणून उधारी बुडत नाही

"माझ्या नावावर आता काहीच नाही, काय करायचं ते करा." उधारी थकवलेला माणूस असं बोलला की समोरचा निम्मा तिथंच खचतो, कारण खरंच जाऊन बघितलं तर सातबाऱ्यावर भावाचं नाव लागलेलं असतं, फ्लॅट बायकोचा झालेला असतो आणि हायवेजवळचा प्लॉट मेव्हण्याने घेतलेला असतो. मग पारावरचा कोणीतरी जाणकार सांगतो की दस्त रजिस्टर झालाय ना, मग विषय संपला, आता कोर्टात जाऊन चपला झिजवण्यात अर्थ नाही. विषय संपलेला नसतो. असल्या व्यवहारांवर कायद्यात सरळ तरतूद आहे आणि ती आजकालची नाही, १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, कलम ५३. वकील लोक त्याला ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं फिफ्टी थ्री म्हणतात.

उदाहरण घेऊनच बोलू, नुसती कलमं वाचून काही कळत नाही. समजा निफाड तालुक्यातलं एक गाव आहे, द्राक्षाचा सीझन आहे, नाशिकला राहणारा एक व्यापारी सात-आठ शेतकऱ्यांचा माल शिवार सौद्याने उचलतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे चोख देतो, मग थोडे रोख आणि बाकीचे पुढच्या तारखेचे चेक. मार्चमध्ये बागा खाली होतात आणि एप्रिलमध्ये चेक परत यायला लागतात. सगळ्यांचे मिळून ४० लाख अडकले असं धरा. आता एप्रिल ते जूनमध्ये हा गडी काय करतो, तर नाशिकचा फ्लॅट बायकोला बक्षीसपत्राने देतो. गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा भावाला हक्कसोडपत्राने सोडून देतो. प्लॉटचं खरेदीखत मेव्हण्याच्या नावाने करतो आणि दस्तात लिहितो की पैसे रोख मिळाले. पॅक हाऊसची शेड मात्र एका तिऱ्हाईत माणसाला चालू बाजारभावाने विकतो, त्या माणसाने बँकेचं लोन काढून पैसे दिलेले असतात. आणि शेतकऱ्यांमधला जो सगळ्यात जास्त आरडाओरडा करत होता त्याला आपली पिकअप देऊन त्याचा हिशोब मिटवतो.

पाच व्यवहार, पाचही शेतकऱ्यांना सारखेच चीड आणणारे. पण कायद्याच्या नजरेत ते सारखे नाहीत, आणि कोणता व्यवहार मोडता येतो आणि कोणता नाही हे कळलं की या विषयातलं निम्मं कळलं.

कलम ५३ म्हणतं की देणेकऱ्याने आपल्या धनकोंना बुडवायच्या किंवा लटकवून ठेवायच्या हेतूने स्थावर मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर ज्याला त्याचा फटका बसला तो धनको तो व्यवहार रद्द ठरवून घेऊ शकतो. धनको म्हणजे ज्याचे पैसे येणे आहेत तो, इथं आपले द्राक्षवाले. यात दोन गोष्टी नीट बघा. एक तर "लटकवून ठेवणं" पण यात येतं, पूर्ण बुडवलंच पाहिजे असं नाही. दुसरं, व्यवहार आपोआप रद्द होत नाही, तुम्ही उठून कोर्टात सांगितलं आणि सिद्ध केलं तरच, तोपर्यंत तो दस्त चांगला. म्हणजे गप्प बसलात तर बायको फ्लॅटची मालकीणच राहणार.

लगेच पुढे कलमातच एक सूट आहे, ज्याने प्रामाणिकपणे आणि मोबदला देऊन मालमत्ता घेतली त्याच्या हक्काला धक्का लागणार नाही. हे "आणि" फार महत्त्वाचं आहे, दोन्ही पाहिजेत. नुसते पैसे दिले पण सगळा डाव माहीत होता, तर सूट नाही. मन साफ होतं पण फुकट मिळालं, तरी सूट नाही. त्यामुळे बायको कोर्टात येऊन म्हणाली की मला ह्यांच्या धंद्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि ते शंभर टक्के खरं असलं, तरी बक्षीसपत्रात तिने एक रुपया दिलेला नाही, त्यामुळे तिला या सुटीचा उपयोग नाही. तिथं फक्त नवऱ्याचा हेतू सिद्ध करायचा. शेड घेणाऱ्या तिऱ्हाइताने मात्र बाजारभाव दिला, बँकेतून दिला, त्याचा ह्या उधारीशी संबंध नाही, त्याच्या मागे लागून काही मिळणार नाही. त्याच्या पैशाचं व्यापाऱ्याने काय केलं ते विचारायचं, शेड विसरायची.

पिकअपवाल्या शेतकऱ्याचं काय? बाकीच्यांना वाटतं की हा फितूर झाला, याच्याकडून गाडी काढून घ्या. तसं होत नाही. एक तर गाडी स्थावर नाही, पण समजा गाडीच्या ऐवजी जागा दिली असती तरी उत्तर बदललं नसतं. १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, मुसाहर साहू विरुद्ध हकीम लाल या केसमध्ये सांगून ठेवलंय की कर्जदाराने कोणाचे पैसे आधी द्यायचे हे तो ठरवू शकतो, एकाला आधी दिले म्हणून कलम ५३ लागत नाही, अट एवढीच की मालमत्ता देताना कर्जदाराने स्वतःसाठी काही फायदा मागे ठेवलेला नसावा. ऐकायला कडू आहे, पण खरं येणं असलेल्या एकाचं येणं फिटलं, त्यात फसवणूक काय? जो आधी हलला त्याला आधी मिळालं.

मात्र खरं येणं असलं तरी व्यवहार संशयास्पद ठरू शकतो, आणि त्याची केस या कायद्याच्या मुळाशीच आहे. इंग्लंडमध्ये १५७१ साली एलिझाबेथ राणीच्या काळात असल्या हस्तांतरणांविरुद्ध कायदा झाला आणि १६०१ च्या सुमाराला ट्वाईनची केस त्याखाली गाजली. पिअर्स नावाचा एक मेंढ्या पाळणारा, ट्वाईनचे ४०० पौंड देणं आणि आणखी एकाचे २०० पौंड. त्या दुसऱ्याने दावा लावल्यावर पिअर्सने गुपचूप आपली सगळी ३०० पौंडाची चीजवस्तू ट्वाईनला लिहून दिली. कागदावर मेंढ्या ट्वाईनच्या, पण पिअर्सच त्यांची लोकर कातरतोय, त्यांच्यावर स्वतःची खूण मारतोय, त्यातल्या काही विकतोय. कोर्टाने विचारलं की बाबा तुझंच सगळं चालू आहे तर दिलं कसलं? ट्वाईनचं येणं खरं असूनही व्यवहार फसवणुकीचा ठरला. त्या निकालात फसवणुकीच्या ज्या खुणा सांगितल्या, सगळंच्या सगळं देऊन टाकणं, ताबा स्वतःकडे ठेवणं, गुपचूप करणं, दावा चालू असताना करणं, त्याच खुणा आज नाशिकच्या कोर्टातला वकीलसुद्धा शोधत असतो, फक्त मेंढ्यांच्या जागी टू बीएचके आलाय.

आता आपल्या व्यापाऱ्याकडे या. त्याच्या मनात काय होतं हे कोण सिद्ध करणार? मनातलं कोणीच सिद्ध करू शकत नाही, म्हणून कोर्ट भोवतालच्या गोष्टी बघतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी एका कागदावर सापडतात, इंडेक्स टू. सब-रजिस्ट्रार ऑफिसची सूची क्रमांक दोन. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्चमध्ये गाव आणि मिळकतीचा नंबर टाकून शोधता येते, जमत नसेल तर सर्च घेणारा माणूस धरा. त्यावर मोबदला एका रकान्यात आणि बाजारभाव दुसऱ्या रकान्यात असतो. बक्षीसपत्र असेल तर मोबदला शून्य. मेव्हण्याच्या खरेदीत मोबदला ६ लाख आणि बाजारभाव १९ लाख असं दिसलं की कोर्टात फार बोलावं लागत नाही. देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं असतात, नातं तिथंच उघडं पडतं. आणि दोन तारखा असतात, दस्त करून दिल्याची आणि नोंदणीची. ह्या तारखा तुमच्या चेक रिटर्न मेमोच्या आणि वकिलाच्या नोटिशीच्या तारखेशेजारी मांडा. १२ एप्रिलला चेक परत, २० ला नोटीस मिळाली, २६ ला बक्षीसपत्र. दहा वर्षं संसार चालला तेव्हा बायकोला फ्लॅट द्यावासा वाटला नाही आणि नोटीस आल्यावर सहाव्या दिवशी प्रेम उफाळून आलं, हे कोर्टाला कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

लोक बक्षीसपत्र आणि हक्कसोडच का निवडतात याचंही कारण आहे, स्वस्त पडतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये आहे, आणि वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा भावा-बहिणीला मोबदला न घेता सोडला तरी ड्युटी अशीच नाममात्र. सवलत चांगल्या हेतूने दिली आहे आणि लाखो घरांमध्ये सरळमार्गाने वापरली जाते, त्यामुळे बक्षीसपत्र दिसलं की लबाडी असं समजू नका. व्यापाऱ्याने धंदा सुरू करायच्या चार वर्षं आधी फ्लॅट बायकोला दिला असता तर शेतकऱ्यांची केस खूपच पातळ झाली असती. पुढे होणाऱ्या कर्जाचा विचार करून आधीच सोय करून ठेवली असं म्हणता येतं, कायदा त्यालाही बंदी घालत नाही, पण सिद्ध करताना घाम फुटतो.

मेव्हण्याचा व्यवहार थोडा वेगळा आहे कारण तिथं मोबदला लिहिलेला आहे. आधी तुम्ही हेतू दाखवायचा, तो दिसला की मग मेव्हण्यावर येतं, मी खरंच पैसे दिले आणि मला डाव माहीत नव्हता हे त्याने दाखवायचं. कुठून आणले सहा लाख? रोख दिले म्हणतो, तर २०१५ पासून जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायलाच इन्कम टॅक्स कायद्याने मनाई आहे. पासबुक काढ, रिटर्न दाखव. आणि प्लॉटवर आजही व्यापाऱ्याचेच क्रेट पडलेले आहेत का, घरपट्टी कोण भरतं, लाईट मीटर कोणाच्या नावावर आहे. मोबाईलने फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

इथं वकील एक फरक करतात तो समजून घ्या, कारण अर्जात काय लिहायचं ते त्यावर ठरतं. एक व्यवहार असतो नुसता दिखाऊ, म्हणजे कागदच खोटा, पैसे नाहीत, ताबा नाही, आपापसात ठरलंय की वादळ गेलं की परत नावावर करू. त्यात मालकी गेलेलीच नसते. दुसरा व्यवहार असतो खरा, मालकी खरोखर गेली, पण हेतू धनकोंना बुडवायचा. कलम ५३ या दुसऱ्यासाठी आहे. तुम्हाला आतलं माहीत नसतं की मेव्हण्याचं नक्की कोणत्या प्रकारातलं आहे, म्हणून दोन्ही मुद्दे घ्यायचे, पहिला हा की व्यवहार दिखाऊ आहे आणि तो तसा नाही ठरला तर दुसरा हा की तो कलम ५३ खाली रद्द होण्याजोगा आहे. एकच मुद्दा धरून बसलेले दावे उगाच पडतात.

आता करायचं काय. सगळ्यात आधी वेळ, कारण बायकोने तोच फ्लॅट उद्या एखाद्या अनोळखी आयटीवाल्या जोडप्याला लोनवर विकला की ते जोडपं प्रामाणिक खरेदीदार, तुमचा हात तिथून सुटला. आणि कागदाची मुदत पण आहे. पैसे वसुलीचा दावा तीन वर्षांत, आणि दस्त रद्द करून घ्यायचा दावाही तीन वर्षांतच धरून चाला. ती तीन वर्षं तुम्हाला कळल्यापासून मोजायची असं तुमचा वकील म्हणेल, समोरचा म्हणेल की नोंदणीकृत दस्त आहे म्हणजे जगजाहीर होता. त्या भांडणात पडायचंच कशाला, दस्ताच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दाखल करा.

चेकची केस वेगळी चालते आणि तिची घड्याळं जास्त कडक आहेत, चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार. त्यात २०१८ पासून कोर्ट चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. जरूर करा. पण चेकची ही केस, म्हणजे कलम १३८ ची, चालू आहे म्हणून निवांत बसू नका, त्या केसने फ्लॅट अडत नाही.

जमिनीच्या बाबतीत एक छोटी खिडकी असते. हक्कसोडपत्र नोंदलं गेलं की फेरफार तलाठ्याकडे जातो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. हरकत घेतली की नोंद तक्रारी होते, नमुना ६अ मध्ये चढते आणि मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागते. खरं सांगायचं तर तिथं तुम्ही जिंकाल असं धरू नका, नोंदणीकृत दस्त समोर असताना महसूलवाले सहसा म्हणणार की तुमचं जमिनीत काही हक्क नाही, पैशाचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा, आणि ते बरोबरच म्हणतील. पण काही आठवडे जातात आणि जमीन घ्यायला आलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला कळतं की इथं भानगड आहे. फ्लॅटसाठी तेच काम सोसायटीला दिलेलं पत्र करतं.

मुख्य लढाई दिवाणी कोर्टात. डिक्री, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा हुकूम, हातात नसली तरी धनको कलम ५३ चा दावा लावू शकतो, आणि बरेच वकील पैसे वसुली आणि दस्त रद्द या दोन्ही मागण्या एकत्रच मांडतात. मात्र हा दावा एकट्यासाठी लावता येत नाही, सगळ्या धनकोंच्या वतीने किंवा त्यांच्या फायद्यासाठी लावावा लागतो, हे कलमातच लिहिलेलं आहे. मग प्रातिनिधिक दाव्याची परवानगी, पेपरात जाहीर नोटीस वगैरे आलं. लोक याला कटकट समजतात, मला उलट वाटतं. एकटा शेतकरी साडेपाच लाखासाठी तारखा करून थकतो आणि निम्म्यात सेटलमेंट करतो, तेच सात जण एकत्र आले तर वकिलाची फी वाटली जाते, तारखेला आळीपाळीने जाता येतं, आणि पुरावा तर कितीतरी दमदार होतो, एकाच सीझनला सात जणांचे चेक परत आणि त्याच दोन-तीन महिन्यांत तीन मिळकती घरातल्या घरात फिरल्या, यापेक्षा हेतूचा पुरावा वेगळा काय असतो. सातही जणांच्या वजन चिठ्ठ्या, सौद्याच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे "दादा पुढच्या आठवड्यात नक्की" असे मेसेज गोळा करा. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका, ते कोर्टात द्यायचे तर २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं.

दावा दाखल झाला त्याच दिवशी दोन कामं. बायको, भाऊ, मेव्हणा यांनी मिळकत पुढे विकू नये म्हणून मनाईचा अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३९ रूल १ मध्ये धनकोंना फसवण्यासाठी मालमत्ता हलवण्याचा प्रसंग नाव घेऊन दिलेला आहे. दुसरं म्हणजे लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस. दावा चालू असताना मिळकत विकली तर घेणारा दाव्याच्या निकालाला बांधील राहतो हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२, पण आपल्याकडे १९३९ सालच्या मुंबई दुरुस्तीमुळे ती नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावी लागते, नुसता दावा पुरत नाही. बऱ्याच वेळा हेच राहून जातं. आणि लक्षात घ्या, नुसत्या पैशाच्या दाव्यात लिस पेंडन्स लागत नाही, कारण तिथं मिळकतीचा वादच नसतो, पण कलम ५३ च्या दाव्यात मिळकतच वादात असते.

अजून ज्या मिळकती व्यापाऱ्याच्याच नावावर शिल्लक आहेत त्यांच्यासाठी ऑर्डर ३८ रूल ५, निकालाआधीची जप्ती. मिळकतीचं वर्णन द्यायचं, तो ती विकायच्या किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवायच्या तयारीत आहे हे ठोस सांगायचं, कोर्ट त्याला म्हणतं तारण दे नाहीतर जप्ती. हे सहज मिळतं असं समजू नका, २००७ साली रमण टेक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलंय की हे कडक हत्यार आहे, बिनतारणी उधारी तारणी करून घ्यायला ते वापरायचं नाही. "मला भीती वाटते तो विकेल" एवढ्यावर मिळत नाही. एजंटकडे दिलेली जाहिरात, विसारपावती, आधीच झालेलं बक्षीसपत्र, असं काहीतरी हातात पाहिजे. एकदा जप्ती लागली की त्यानंतरचा खाजगी व्यवहार तुमच्या वसुलीपुरता निरर्थक, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६४. पण खरेदीखतावर सह्या जप्तीच्या आधी झाल्या आणि नोंदणी नंतर झाली, तर खरेदीखत वरचढ ठरतं, सुप्रीम कोर्टाचा हमदा अम्मल निकाल. वर इंडेक्स टूवरच्या दोन तारखा बघा म्हटलं ते यासाठी पण.

काही जण आधी पैशाची डिक्री घेतात आणि दरखास्तीत, म्हणजे डिक्रीची वसुली करायच्या टप्प्यावर, जागे होतात. तेही चालतं. दरखास्तीत फ्लॅट जप्त करायला गेलं की बायको येणार आणि म्हणणार हा माझा आहे, तिचा तो हक्क ऑर्डर २१ रूल ५८ खाली तिथंच तपासला जातो आणि त्यावरचा आदेश डिक्रीसारखाच मानला जातो. तिथं तुम्ही बचाव म्हणून सांगू शकता की हे बक्षीसपत्र कलम ५३ मध्ये बसतं. त्यासाठी वेगळा प्रातिनिधिक दावा लावायलाच पाहिजे असं नाही, अब्दुल शकूर साहेब केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलेलं आहे. व्यापारी म्हणत असेल की माझ्याकडे काही नाही, तर रूल ४१ खाली त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागवा, कोर्टाचा आदेश पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे.

जी मिळकत मुळात जप्तच होऊ शकत नाही ती त्याने कोणालाही दिली तरी तुमचं काही बुडत नाही, हेही बघा. शेतकऱ्याचं तो राहतो ते घर, कारागिराची अवजारं ही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेली आहेत. तिथं पैसा आणि वेळ घालवू नका. फ्लॅटवर आधीपासून बँकेचं लोन असेल तर बँक पहिली, तुम्ही नंतर, मग बेरीज-वजाबाकी करून बघा की उरतं किती.

पोलीस केस होते का हा प्रश्न हमखास येतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३२० आहे, जुनं आयपीसी ४२१, धनकोंमध्ये वाटप होऊ नये म्हणून मालमत्ता लबाडीने हलवणं किंवा लपवणं, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं किंवा दंड. यात स्थावरच पाहिजे असं नाही, सोनं-गाडी पण येते. कलम ३२२ दस्तात खोटा मोबदला लिहिण्याबद्दल आहे, मेव्हण्याला हे वाचून दाखवलं तर बऱ्याचदा तो तडजोडीला आधी तयार होतो. पण फौजदारी केसमधून मिळकत तुमच्या वसुलीला येत नाही.

बायको नेहमी पलीकडच्या बाजूलाच असते असंही नाही बरं का. पोटगी द्यायला लागू नये म्हणून नवऱ्याने जमीन भावाला फुकट लिहून दिली, तर मिळकतीच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा तिचा हक्क त्या भावाविरुद्ध पण चालतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचंच कलम ३९. भावाने पैसे देऊन घेतली असेल तर मात्र त्याला पोटगीच्या हक्काची कल्पना होती हे दाखवावं लागतं.

व्यापारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल आणि ती दिवाळखोरीत गेली तर खेळ वेगळा, तिथं २०१६ चा कायदा लागतो आणि मघाशी आपण निर्दोष ठरवलेली पिकअपसुद्धा अडचणीत येऊ शकते, कारण त्यात एकाला झुकतं माप दिलेले व्यवहार एक वर्ष मागे जाऊन आणि नातेसंबंधातले असतील तर दोन वर्षं मागे जाऊन तपासले जातात. जेपी इन्फ्राटेकने आपली शेकडो एकर जमीन मूळ कंपनीच्या कर्जासाठी बँकांकडे गहाण टाकली होती, ती गहाणं फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने याच आधारावर मोडली. साध्या माणसाला अजून जुनेच कायदे, मुंबई शहरात १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा. १९२० च्या कायद्यात धनकोंना बुडवायला मालमत्ता देणं हीच दिवाळखोरीची कृती मानली आहे, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत धनको अर्ज करू शकतो, आणि येणं किमान किती पाहिजे, तर ५०० रुपये. आकडा १९२० चा आहे, कोणी बदलला नाही. दिवाळखोर ठरला तर अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतली फुकटची हस्तांतरणं कोर्टाने नेमलेला रिसीव्हर मोडू शकतो. हा रस्ता फारसं कोणी वापरत नाही, पण माहीत असावा.

अजून एक, तुमचं येणं व्याजाने दिलेल्या पैशाचं असेल आणि तो तुमचा धंदाच असेल तर सावकारीचं लायसन्स होतं का ते आधी बघा, महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे लायसन्स नसलेल्या सावकाराला कोर्ट डिक्री देत नाही. द्राक्षाच्या पैशाला ही भानगड नाही.

दावा जिंकलात तर काय हातात येतं? फ्लॅट तुमचा होत नाही, हा गैरसमज फार आहे. बक्षीसपत्र तुमच्या वसुलीपुरतं बाजूला पडतं, नवरा-बायकोत ते चांगलंच राहतं. फ्लॅट जप्त होतो, लिलाव होतो, समजा ५५ लाख आले आणि सगळ्यांचं व्याज-खर्चासकट ४८ होतं, तर वरचे ७ लाख बायकोचे. आणि कमी आले तर? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७३ प्रमाणे येण्याच्या प्रमाणात वाटणी होते, पण ती ज्यांच्याकडे पैशाची डिक्री आहे आणि ज्यांनी लिलावाचे पैसे कोर्टात जमा व्हायच्या आधी दरखास्तीचा अर्ज दिलाय त्यांच्यातच. दस्त रद्द करायच्या दाव्यात सात जणांची नावं होती, पण वसुलीची डिक्री चौघांनीच घेतली, असं झालं तर वाटणीच्या दिवशी बाकीचे तिघं कोर्टाच्या आवारात नुसते उभे असतील. म्हणून प्रत्येकाने आपापल्या पैशाची मागणी पहिल्या दिवसापासून लावायची आणि दरखास्त लिलावाची तारीख पडायच्या आधीच टाकून ठेवायची.